तेरा ओळींची प्रत

१९९८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुलीची कुरआनची जुनी प्रत मशिदीतल्या जीर्ण प्रतींच्या पेटीत टाकली. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि कुरआनच्या तीस पाऱ्यांपैकी, म्हणजे तीस भागांपैकी, चौदा तिला तोंडपाठ होते. पाचव्या दिवशी तिने पाठ म्हणणे बंद केले.

मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. मी एका मराठी दैनिकात पाने लावण्याचे काम करत होतो, पाळी रात्रीची. पत्नी घरी ब्लाउज शिवायची. मुलगी मराठी शाळेत जायची आणि शाळा सुटल्यावर गल्लीतल्या इतर मुलींबरोबर अरबी वाचायला शिकायला आपांच्या घरी. आपा म्हणजे त्या मुलींच्या शिक्षिका, पन्नाशीच्या, स्वतः संपूर्ण कुरआन पाठ असलेल्या. १९९५ मध्ये त्यांनी पत्नीला बोलावून सांगितले की ही मुलगी ऐकलेले सोडत नाही, हिला पाठ करू द्या. पत्नीने मला विचारले. मी किती पाने असतात ते विचारले. माझ्याकडच्या प्रतीत साडेआठशेच्या आसपास, ती म्हणाली. मी शाळेचे विचारले. ती म्हणाली, शाळा हाय की. निर्णयाला एवढाच वेळ लागला. माझ्या किंवा तिच्या घराण्यात हे याआधी कुणी केलेले नव्हते.

आपांनी आईबापांसाठी तीन अटी घातल्या होत्या. शाळा सोडवायची नाही. विसरली म्हणून रागवायचे नाही. आणि ज्या प्रतीवरून सुरुवात झाली त्याच प्रतीवरून शेवट करायचा. यातल्या दोन मला माहीत होत्या. तिसरी पत्नीने सांगितली असेल तर मी झोपेत असेन. पत्नीचे म्हणणे, सांगितली होती.

प्रत तिच्या माहेरची, आजऱ्याची. तिच्या वडिलांनी तिला लहानपणी घेऊन दिलेली. पानाला तेरा ओळी, कागद पिवळा पडलेला, शिवण सुटलेली. पुठ्ठा पत्नीने अस्तराच्या कापडाने दोनदा शिवला होता.

रोजचे काम पहाटेच्या नमाजनंतर सुरू व्हायचे. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसायची. पत्नी तिच्या मागे, समोर लाकडी रेहल, त्यावर प्रत उघडी. आधी आज आपांना द्यायचा नवा धडा, अर्धे पान. मग गेल्या आठवड्याचे धडे. मग जुन्यातला एक पारा, आळीपाळीने. हा तिसरा भाग सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत महत्त्वाचा, कारण रोज न फिरवलेले जुने आपोआप जाते. पत्नीला स्वतःला नमाजपुरते छोटे सूरे, म्हणजे अध्याय, पाठ होते, बाकी नाही. अरबीचा अर्थ दोघींनाही येत नव्हता. पण वाचता पत्नीला नीट येत होते आणि तिची नजर ओळीवरून हलत नसे.

मुलगी चुकली की पत्नी काही बोलायची नाही. बोटात घातलेल्या शिवणाच्या धातूच्या अंगुस्तानाने रेहलवर एकदा टक् करायची. मुलगी त्या आयतीच्या, म्हणजे वचनाच्या, सुरुवातीला परत जायची. दुसऱ्यांदा अडली तर पुन्हा टक्. तिसऱ्यांदाच शब्द सांगायचा. आणि तिथे, त्या शब्दाखाली, पेन्सिलीने बारीक ठिपका. पुढच्या वेळी मुलगी ते पान डोळ्यांनी फिरवायची तेव्हा ठिपक्याशी थांबून तो शब्द दोनदा म्हणायची.

मी पहाटे घरी यायचो आणि आतल्या खोलीत हे ऐकत झोपी जायचो. कसबा बावड्याचा एक दूधवाला त्याच वेळी गल्लीत यायचा. शेतकरी माणूस, दोन म्हशी, सायकलला दोन कॅन. त्याला टकटक मोजायची सवय लागली होती. दूध घालताना दारातूनच म्हणायचा, "भाभी, आज चारच झाल्या की. पोरगीनं लई सुधारणा केली." एखाद्या दिवशी जास्त झाल्या तर मला गाठून सांगायचा, "काय पेपरवालं, काल पोरीला टीव्ही दाखवलाव न्हवं?" त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

१९९८ च्या ऑक्टोबरात पत्नीच्या आईचे ऑपरेशन ठरले आणि पत्नी आजऱ्याला गेली. जाताना मुलीला सांगून गेली की आठ दिवस जुनेच फिरव, आपा ऐकतील. त्याच आठवड्यात मुलीचा चौदावा पारा संपला. मला काहीतरी बक्षीस द्यायचे होते. मुंबईला जाणाऱ्या एका सहकाऱ्याला मी कुरआनची चांगली प्रत आणायला सांगितली. त्याने आणली. पंधरा ओळींची, अक्षर ठळक, प्रत्येक पान आयत संपते तिथेच संपणारे. दुकानदाराने त्याला सांगितले होते की पाठ करणाऱ्यांसाठी हीच छापतात. ते खरे होते.

जुनी प्रत मी हातात घेतली तेव्हा शिवणीतून दोन पाने बाहेर आली. पवित्र ग्रंथ अशा अवस्थेत वापरणे मला बरे वाटले नाही. आमच्यात जीर्ण प्रती रद्दीत जात नाहीत. मशिदीत त्यांची पेटी असते, ती भरली की सगळे एकत्र नेऊन दफन करतात. मी प्रत रुमालात गुंडाळून नेली आणि पेटीत ठेवली. परत आलो तेव्हा मुलगी नवी प्रत बघत होती. तिने अक्षर छान आहे म्हणून सांगितले. जुनी कुठे आहे ते तिने विचारले नाही, मी सांगितले नाही.

पहिल्या दिवशी तिने नव्या प्रतीवरून जुना पारा फिरवला आणि आपांकडे म्हणून दाखवला. दोन ठिकाणी अडली. दुसऱ्या दिवशी पाच ठिकाणी. तिसऱ्या दिवशी ती पहिल्या पाऱ्यातून थेट नवव्या पाऱ्यात गेली आणि तिला ते कळलेही नाही. खडकावर काठी मारल्यावर बारा झरे फुटतात, तो प्रसंग पहिल्या पाऱ्यात आहे आणि नवव्यातही. शब्द जवळजवळ तेच. फरिश्त्यांना आदमसमोर झुकायला सांगितले जाते, ते पहिल्यात, आठव्यात आणि चौदाव्यात येते. अशा जागा पुष्कळ आहेत. चौथ्या दिवशी ती अशा प्रत्येक जागी वाट चुकली. पाचव्या दिवशी पहाटे ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि काहीच म्हणाली नाही.

मी उठून बसलो. शांततेनेच जाग आली होती. मी तिला विचारले.

"अब्बा, डोळं मिटलं की दोन पानं येत्यात," ती म्हणाली. "एकावर एक."

मग तिने सावकाश सांगितले. बारा झऱ्यांची पहिल्या पाऱ्यातली जागा डाव्या पानावर वरून तिसऱ्या ओळीत होती, शेजारी चहाचा डाग. नवव्यातली उजव्या पानावर अगदी तळाला. म्हणताना ती पान बघत होती आणि पुढे जात होती. तीन वर्षे तिने शब्द नुसते कानाने ठेवले नव्हते, साडेतीनशेहून जास्त पाने जशीच्या तशी उभी करून ठेवली होती. नव्या प्रतीत त्या दोन्ही जागा हलल्या होत्या.

माझा पगार पानातल्या जागा लावण्यासाठी मिळत होता. महिनाभरापूर्वीची बातमी कुणी विचारली तर मी मजकुराआधी जागा सांगायचो. पान तीन, डावीकडे खाली, दोन कॉलम. पान लागल्यावर कुणी कॉलम हलवायला आला की मी त्याला हात लावू देत नसे. माझ्या घरात कुणीतरी हेच काम शेकडो पटींनी मोठे करत होते आणि मी रोज त्याच्या शेजारच्या खोलीत झोपत होतो.

त्या सकाळी मी मशिदीत गेलो. तिथली व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की पेटी परवाच रिकामी केली, सगळे दफन झाले. मी परत फिरलो. एकाच माणसाच्या सांगण्यावर आमच्या दैनिकात बातमी लागत नसे. त्या दिवशी दुसऱ्या कुणाला विचारले नाही.

आपांना भेटायला गेलो. पडद्याआडून त्या बोलल्या. त्यांनी मला दोष दिला नाही, फक्त हिशेब समजावला. नव्या प्रतीवरून पहिल्यापासून पुन्हा सगळे लावायचे तर मुलीला आणखी दोन वर्षे लागतील आणि बारा वर्षांची मुलगी तेच दुसऱ्यांदा करायला सहसा तयार होत नाही. आता थांबली तर चौदाही जातील. किती दिवसांत, मी विचारले.

"येतं ते वरसांनी," त्या म्हणाल्या. "जातं ते म्हैन्यांत."

पत्नी दोन दिवसांनी आली. दूधवाल्याने तिला स्टँडवरून येतानाच रस्त्यात गाठून सांगितले होते की तीन दिवस झाले, घरातून आवाज न्हाय. घरात येऊन तिने पिशवी खाली ठेवली, नवी प्रत बघितली आणि जुनी कुठे आहे ते विचारले. मी सांगितले. ती खाली बसली.

"मला इचारायला काय झालतं?" एवढेच ती म्हणाली. नंतर दिवसभर मशीन चालू होते.

संध्याकाळी तिला आठवले. तिच्या वडिलांनी त्या वेळी दोन प्रती घेतल्या होत्या. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच छापाच्या. एक तिला, एक तिच्या भावाला.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून एसटीने आजऱ्याला गेलो. मेहुणा काजूच्या कारखान्यात कामाला होता. तो जेवायच्या सुट्टीत घरी आला, माझे ऐकून घेतले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून हिरव्या कापडात बांधलेली प्रत काढली. कापडाची गाठ इतकी जुनी झाली होती की ती दातांनी सोडवावी लागली.

"घ्या दाजी," तो म्हणाला. "आमची कोरी हाय. माझ्या आळसाचा कुणाला तरी उपेग झाला म्हणायचा."

प्रत तेरा ओळींची होती. छाप तोच असल्याची खात्री करायला जुनी प्रत हातात नव्हती. म्हणून घरी आल्यावर मी मुलीला डोळे मिटायला सांगितले आणि कुठलेही पान उघडून त्याचा पहिला शब्द वाचला. माझे अरबी वाचन लहानपणीचे, अडखळत. ती त्याच पानाचा शेवटचा शब्द सांगायची. मी पंचवीस पाने तपासली. मग थांबलो, कारण माझा वाचायला लागणारा वेळ तिच्या उत्तरापेक्षा जास्त होता. पंचविसांत एकही चूक नव्हती.

पण ती बसायला तयार होईना. पाने उलटत राहिली आणि शेवटी आईला म्हणाली, "ठिपकं न्हाईत." पान तेच होते, पण कुठे जपून पाय टाकायचा ते त्यावर नव्हते. जिथे ती पूर्वी अडायची त्या जागा तिला स्वतःला आठवत नव्हत्या. ठिपका दिसला की सावध व्हायचे, एवढेच तिला माहीत होते.

पत्नीने तिच्या हातून प्रत घेतली. मला म्हणाली, ऑफिसातनं एक लाल पेन्सिल आणा.

दिवाळीची सुट्टी संपली होती. अकरा दिवस, मुलगी शाळेत गेली की, ती शिवणाचे काम बाजूला ठेवून रेहलसमोर बसायची. माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी ते बघितले. ती पान उघडायची, त्यावर हात ठेवायची आणि डोळे मिटून पुटपुटायची. आवाज तिचा स्वतःचा नव्हता. मुलीची लय होती, मुलीचा श्वास जिथे तुटतो तिथे तुटणारा. पुटपुटता पुटपुटता एका जागी थांबायची. बोटात अंगुस्तान नव्हते, तरी उजव्या हाताचे मधले बोट रेहलवर एकदा हलायचे. मग डोळे उघडून हात काढायची, त्या ओळीतला तो शब्द शोधायची आणि खाली लाल ठिपका द्यायची. कधी एका पानावर तीन ठिपके. कधी सलग चार पाने कोरी सोडायची. पुन्हा मागे येऊन एकही ठिपका बदलला नाही.

मी तिला पारा म्हणून दाखवायला सांगितले. तिला येईना. आयत सलग तिला पाठ नव्हती, अगोदरही नव्हती. हात पानावर असला आणि मुलगी तिथून पुढे जात असल्यासारखे धरले की ती अडायची जागा तिला यायची. दुसरे काही यायचे नाही.

"कसं काय आठवतं तुला?" मी विचारले.

"ती जिथं जिथं अडली," ती म्हणाली, "तिथं मीबी अडकलो की."

बाराव्या दिवशी पहाटे मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली. पहिला पारा. पाच टकटक झाल्या. दूधवाला दारात कॅन टेकवून शेवटपर्यंत उभा राहिला. दूध घालून झाल्यावर त्याने पाच बोटे वर केली आणि सायकल पुढे ढकलली.

मुंबईची प्रत आम्ही आपांना दिली. त्यांनी ती त्याच वर्षी सुरुवात करणाऱ्या एका मुलीला दिली आणि तिच्या आईबापांना तीनही अटी एकत्र बसवून सांगितल्या. मला तिथे मुद्दाम बोलावले होते. "ह्यांस्नी इचारा," त्या पडद्याआडून म्हणाल्या, आणि आतल्या बायका हसल्याचे ऐकू आले.

मुलीचे चौदा पारे पूर्ववत व्हायला चार महिने लागले. नव्या प्रतीवरून आपांचा अंदाज दोन वर्षांचा होता. त्यानंतर मी दिवसपाळी मागून घेतली. वर्षभरात माझे वाचन इतपत सुधारले की पत्नी आजारी असली तर रेहलसमोर मी बसू शकत होतो. मुलीला ते फारसे आवडायचे नाही. मी उशिरा टकटक करतो, तोवर ती दोन आयती पुढे गेलेली असते, अशी तिची तक्रार होती आणि ती रास्त होती.

२००१ मध्ये, दहावीची परीक्षा दिल्यावर, तिने तिसावा पारा पूर्ण केला. आपांच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. मी बाहेर पायरीवर होतो. शेवटचा धडा तिने आईसमोर म्हटला, आपा शेजारी बसून ऐकत होत्या. शेवटचा सूरा संपला तशी ती न थांबता पुन्हा पहिल्या सूऱ्याकडे वळली आणि दुसऱ्याच्या सुरुवातीच्या आयती म्हणून थांबली. संपवले की तिथल्या तिथे पुन्हा सुरुवात करायची, अशी रीत आहे. आतून एकदाही टक् ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाला खरवसाचे भांडे घेऊन आला. म्हणाला, म्हैस याच आठवड्यात व्यायली, योग आहे.

२००३ मध्ये एका दुपारी मी मशिदीत लवकर पोहोचलो. बांग देणारे चाचा खिडकीपाशी बसून वाचत होते. त्यांच्या समोरच्या प्रतीचा पुठ्ठा नवा होता, पण आत कडेने अस्तराचे कापड दिसत होते. मी जवळ जाऊन बसलो. पानावर पेन्सिलीचे ठिपके होते.

त्यांनी सांगितले की पाच वर्षांपूर्वी पेटी रिकामी व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती चाळली होती. दर वेळी चाळतात, कारण लोक चांगल्या प्रतीही टाकून जातात. या प्रतीची पाने सगळी होती, नुसती शिवण गेली होती. त्यांनी ती बांधून घेतली आणि स्वतःच्या खोलीत ठेवली. "कुणी टाकलं काय म्हाईत," ते म्हणाले. मी टाकल्याचे त्यांना सांगितले. त्यांनी प्रत मिटून माझ्या हातात दिली. मी ती दोन दिवसांसाठीच घेतली आणि तिसऱ्या दिवशी परत केली.

त्या दोन दिवसांत आम्ही दोन्ही प्रती ताडून बघितल्या. छापखान्यात पूर्वी मूळ मजकूर आणि प्रूफ ताडायचे तसेच. पत्नीपुढे जुनी, माझ्यापुढे आजऱ्याची. ती पान, ओळ आणि शब्द सांगायची, मी बघायचो. आजऱ्याच्या प्रतीतले १९९८ नंतरचे ठिपके काळ्या पेन्सिलीचे होते, ते सोडून दिले. तिच्यातले फक्त लाल मोजले. जुन्या प्रतीत पहिल्या चौदा पाऱ्यांत तीनशे अकरा ठिपके निघाले. आजऱ्याच्या प्रतीत लाल ठिपके तीनशे आठ. तीनशे आठही त्याच पानावर, त्याच ओळीत, त्याच शब्दाखाली होते. जुन्या प्रतीत नसलेल्या ठिकाणी जास्तीचा एकही नव्हता.

तीन राहिले होते. पहिले दोन एकाच पानावरचे, सहाव्या पाऱ्यातले. ते पाहताच पत्नी म्हणाली की त्या दिवशी मुलीला ताप होता, ती अडली नव्हती, थकली होती. ते मुद्दाम दिले नाहीत. तिसरा अकराव्या पाऱ्यातला. जुन्या प्रतीतल्या त्या शब्दावर हात ठेवून तिने डोळे मिटले.

मग तिने लाल पेन्सिल मागितली, आजऱ्याची प्रत स्वतःकडे ओढून घेतली आणि त्या शब्दाखाली ठिपका दिला.